मोठ्या कुटुंबासाठी आणि ट्रॉली ओढण्यासाठी सेकंड हँड एसयूव्ही कशी निवडावी

आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी आणायच्या, श्रावणात कानबाई देवीच्या रोटांसाठी भाऊबंदांना एकत्र करायचे, चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर जायचे आणि उरलेल्या दिवसांत ठिबकच्या नळ्यांची बंडले किंवा फवारणीची टाकी ट्रॉलीत घालून शेतावर न्यायची, ही सगळी कामे एकाच गाडीने करावीत अशी खानदेशातील अनेक घरांची अपेक्षा असते. नवी सात-आठ आसनी गाडी घेणे सगळ्यांना परवडत नाही, म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाजारात जुन्या मोठ्या गाड्यांना सतत गिऱ्हाईक असते. अशी गाडी पाहायला गेल्यावर आपण रंग पाहतो, किलोमीटर विचारतो, एकट्याने बसून महामार्गावर दोन-चार किलोमीटरची चक्कर मारतो आणि बयाणा देतो. पण ज्या कामासाठी गाडी घ्यायची ते काम तिच्याकडून करून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये, असे माझे ठाम मत आहे.

हे मत अनुभवातून आले आहे. आमच्या घरची पहिली मोठी गाडी मी रिकामी चालवून घेतली होती आणि ती खरोखर छान पळत होती. पुढे चैत्रात आम्ही आठ जण तिच्यातून गडावर निघालो. नांदुरी सोडून घाट सुरू झाला, एसी चालू होता, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागला. गाडी बाजूला घेतली तेव्हा बॉनेटमधून गोडसर वासाची वाफ येत होती आणि आई भर उन्हात नातवाच्या डोक्यावर पदर धरून उभी होती. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधली गळती रोखणारी पट्टी, आधीपासूनच कमजोर होते. रिकाम्या गाडीने ते कधी कळू दिले नव्हते, आणि मीही भरून पाहिले नव्हते.

आधी वजनाचा हिशेब

गाडी पाहायला जाण्यापूर्वी घरी बसून वजनाची बेरीज करावी. आरसीवर गाडीचे रिकामे वजन असते. गाडी माणसे व सामानासह जास्तीत जास्त किती वजनाची चालावी हा आकडा कंपनीच्या माहितीपुस्तकात किंवा गाडीवरच्या चासी प्लेटवर मिळतो. या दोन आकड्यांतील फरक म्हणजे गाडीची खरी वहनक्षमता. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या गाड्यांत ती साधारण साडेपाचशे ते सातशे किलोंच्या दरम्यान भरते. आता उदाहरण घेऊ. सरासरी ६५ किलोंची पाच मोठी माणसे म्हणजे ३२५ किलो, ३० किलोंची तीन मुले म्हणजे ९० किलो, बॅगा, पाण्याचा जार आणि डबे मिळून ८० किलो. बेरीज ४९५ किलो. मागे ७०० किलोंची भरलेली ट्रॉली जोडली तर तिच्या दांड्याचा भार हुकावर येतो. तो ट्रॉलीच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के, म्हणजे ७० किलो धरावा. हा भार गाडीच्याच खात्यात जातो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. एकूण झाले ५६५ किलो. छतावर कॅरिअर आणि त्यावर धान्याची दोन पोती चढवली की मर्यादा ओलांडली गेलीच म्हणून समजावे.

या हिशेबातून पुष्कळदा एक उपयुक्त उत्तर निघते, ते म्हणजे आपल्याला ट्रॉलीसाठी वेगळी सोय हवी. दरवेळी टनभर किंवा त्याहून जास्त माल न्यायचा असेल, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा न्यायचा-आणायचा असेल, तर कुटुंबाच्या गाडीला त्यात घालू नये. पिकअप भाड्याने करावी. इंटरनेटवरील अमेरिकी व्हिडिओंमध्ये सबर्बन किंवा एक्स्पिडिशनसारख्या गाड्या साडेतीन-चार टन सहज ओढताना दिसतात. त्या गाड्यांची इंजिने, चासी, ब्रेक आणि हुक त्याच हिशेबाने बनवलेले असतात. तो आकडा आपल्या गाडीला लावणे धोक्याचे आहे. आपल्या मॉडेलची ओढण्याची मर्यादा तिच्याच माहितीपुस्तकात शोधावी, आणि तेथे काहीच दिलेले नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून लेखी विचारून घ्यावी.

चासीची गाडी की कारच्या बांधणीची

मोठ्या गाड्यांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. बोलेरो, स्कॉर्पिओ, जुनी सफारी, सुमो, हेक्सा, फॉर्च्युनर, एन्डेव्हर आणि एसयूव्ही नसली तरी इनोव्हा (हायक्रॉस सोडून), या सगळ्या शिडीसारख्या वेगळ्या चासीवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर, बांधलेल्या आहेत आणि त्यांचा जोर मुख्यतः मागच्या चाकांवर असतो. एक्सयूव्ही ५००, एक्सयूव्ही ७०० आणि २०२१ पासूनची नवी सफारी यांची बांधणी कारसारखी एकसंध असून जोर मुख्यत्वे पुढच्या चाकांवर असतो. मागे ट्रॉलीचा भार आला की गाडीचे नाक किंचित उचलले जाते आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. शेतरस्त्यावरील ओल्या काळ्या मातीत हा फरक लगेच जाणवतो. म्हणून नियमित ट्रॉली ओढायची असेल तर चासीची आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्यावी. केवळ प्रवास करायचा असेल तर दुसऱ्या प्रकारातील गाडी अधिक आरामदायी असते आणि वळणावर कमी झुकते.

तिसऱ्या रांगेकडेही नीट पाहावे. बोलेरोसारख्या गाडीत मागची बाके आडवी, समोरासमोर असतात. गावातल्या गावात ती चालतात, पण मुलांना त्यांवर बसवून लांबचा प्रवास करू नये, कारण धडक बसली तर आडव्या बसलेल्याला आधार मिळत नाही. प्रत्येक आसनाला पुढे तोंड आणि चालू स्थितीतील सीट बेल्ट, ही अट मी सोडत नाही. वर्ष निवडतानाही सुरक्षेचा विचार करता येतो. १ जुलै २०१९ पासून चालकासाठीची एअरबॅग सक्तीची झाली आणि जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या एबीएसची सक्ती त्याच वर्षीच्या एप्रिलपासून लागू झाली, त्यामुळे त्यानंतर बनलेल्या गाडीत या दोन गोष्टी असतातच. त्याआधीच्या गाडीत त्या फक्त महागड्या मॉडेलमध्ये असू शकतात, तपासून घ्यावे.

डिझेलबाबत आणखी एक सूचना. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराबाबतचे बीएस-६ नियम लागू झाले आणि अशा डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर आला. गाडी रोज घर ते शेत अशी तीन-चार किलोमीटरच धावणार असेल तर तो फिल्टर तुंबतो, कारण काजळी जळून जाण्यासाठी गाडी सलग आणि गरम चालावी लागते. अशा घराने महिन्यातून काही वेळा तरी महामार्गावर लांबचा फेरा होईल का, याचा विचार करावा. होणार नसेल तर चांगली राखलेली बीएस-४ गाडी बरी.

कागद आधी, गाडी नंतर

गाडी डोळ्यांत भरण्यापूर्वी आरसीचा फोटो मागवून घ्यावा आणि एमपरिवहन ॲपवर नोंदणी, विमा, फिटनेस आणि कर्जाचा बोजा पाहावा. ई-चलनाची थकबाकीही त्याच वेळी तपासावी. एमएच-१८, १९ किंवा ३९, म्हणजे धुळे, जळगाव किंवा नंदुरबार पासिंगची गाडी असेल तर काम सोपे असते. आपला भाग गुजरात आणि मध्य प्रदेशाला लागून असल्याने जीजे आणि एमपी पासिंगच्या गाड्या स्वस्तात दाखवल्या जातात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिकडच्या गाड्याही येतात. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असेल तर नव्याने नोंदणी करावी लागते, त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (एनओसी) म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. हा खर्च आरटीओत विचारून किमतीत मिळवावा आणि मगच स्वस्त-महाग ठरवावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर डोळ्यांसमोर आहे, हे ध्यानात ठेवावे.

पहाटे, थंड इंजिनावर

विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगावे की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम असेल तर का, हे विचारावे. आपला मिस्त्री सोबत असावा आणि त्याला त्याची मजुरी द्यावी, कारण फुकट आलेला माणूस घाईत असतो. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून कूलंट पाहावे. त्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर तेथूनच परत फिरावे. इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचे झाकण काढून पाहावे. धुराचे जोरदार फुत्कार येत असतील तर इंजिन बॅक मारते आहे, म्हणजे ज्वलनाचा वायू पिस्टनच्या कडेने खाली गळतो आहे, आणि मोठा खर्च जवळ आला आहे. २००५ ते २०१६ च्या इनोव्हाच्या अडीच लिटर डिझेल इंजिनात टायमिंगचा पट्टा असतो. तो बदलल्याचे बिल दाखवता येत नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून किंमत ठरवावी, कारण पट्टा तुटला तर इंजिन उघडावे लागते.

मीटरवरील आकड्यापेक्षा झिजलेल्या जागा अधिक खरे बोलतात. चालकाचा दरवाजा अर्धा उघडून खालून उचलून पाहावा. बिजागरी खडखडली आणि मीटर साठ हजार दाखवत असेल तर काही जुळत नाही. मागचा दरवाजा, पायरी आणि तिसऱ्या रांगेचे रेक्झिन हेच पुढच्या भागापेक्षा जास्त झिजलेले असतील तर पांढऱ्या पाटीची ती गाडी काळी-पिवळीसारखी भाड्याने धावली असण्याची शक्यता मोठी असते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. जी पट्टी एरवी कधी बाहेर येत नाही तिच्यावर गाळाची आडवी रेघ दिसली तर गाडी पुरात उभी होती. आसने धुतली जातात, ही रेघ मात्र राहून जाते. टायरच्या कडेवर शेवटी चार अंक असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांचे टायर कितीही काळेभोर दिसले तरी बदलायचे समजून दर पाडावा.

मग गाडीखाली जावे. यासाठी रॅम्प असलेले गॅरेज गाठावे. चासीवर वेल्डिंगची नवी रेघ, मागच्या बाजूला वाकलेला आडवा पत्रा, तुटलेला किंवा सरकलेला कमानीचा पाटा, मागच्या आसाच्या हाउसिंगमधून झिरपणारे तेल, ही सगळी जास्त ओझे ओढल्याची खूण असते. आधीच हुक बसवलेला असेल तर खूश होऊ नये. त्याच्या बोल्टाभोवतीची भोके लांबट झाली आहेत का, हे बोटाने चाचपून पाहावे.

भरून, दुपारी, चढावर

हीच या साऱ्यातील महत्त्वाची पायरी आहे. पहाटेची तपासणी पार पडली की त्याच दिवशी दुपारी दोन-तीनच्या सुमारास, घरातली निदान सहा-सात माणसे बसवून, एसी पूर्ण चालू ठेवून गाडी चढावर न्यावी. जळगाव-भुसावळकडच्यांनी फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट घ्यावा, चाळीसगावकरांनी कन्नडचा, धुळेकरांनी निदान लळिंगचा आणि साक्री-नवापूरकडच्यांनी कोंडाईबारीचा. विक्रेता या फेरीला नाही म्हणत असेल तर डिझेल आपण भरतो असे सांगावे; तरीही नकार आला तर त्यातून जे समजायचे ते समजते.

चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा. इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, जळका वास येतो, तर क्लच गेला आहे. काट्यावर एकाने सतत लक्ष ठेवावे. मे महिन्यात ४४-४५ अंशांत जो रेडिएटर तग धरणार आहे, त्याचा काटा चढावर मधल्या जागेहून फारसा हलत नाही. घरातल्या ज्येष्ठांना तिसऱ्या रांगेत बसवावे आणि त्यांना विचारावे की वारा मागे पोहोचतो का, गुडघे कुठे टेकतात, उतरताना आधार मिळतो का. उतारावर गिअरमध्येच गाडी ठेवून ब्रेक सावकाश वापरावेत. स्टिअरिंग थरथरले किंवा गाडी एका बाजूला ओढली तर ब्रेक डिस्क आणि पुढची बांधणी पाहावी लागेल. परत आल्यावर इंजिन पाच मिनिटे चालू ठेवून बंद करावे आणि खाली नवा ओघळ आला का ते पाहावे.

व्यवहाराच्या वेळी पैसे बँकेतून द्यावेत, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्याव्यात, कर्ज असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. ताबापत्रावर तारखेबरोबर वेळही लिहावी, कारण त्या क्षणानंतरच्या अपघाताची आणि चलनाची जबाबदारी त्यावरून ठरते. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.

ट्रॉली जोडताना

ट्रॉलीला स्वतःची नोंदणी आणि विमा लागतो, आणि हुक बसवणे हा गाडीत केलेला बदल ठरू शकतो. म्हणून गावच्या वेल्डरकडे जाण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारावे. हुक चासीलाच, बोल्टाने बसवावा. बंपरला किंवा नुसत्या पत्र्याला वेल्ड करून मुळीच नको. ट्रॉलीच्या दिव्यांची जोडणी तपासावी आणि दांड्याखाली सुरक्षा साखळी आडवी-तिडवी बांधावी. माल भरताना जड वस्तू आसाच्या किंचित पुढे ठेवाव्यात. वजन मागे गेले की वेगात ट्रॉली शेपटीसारखी हलू लागते आणि गाडीला ओढून नेते. तसे झाले तर ब्रेक दाबू नये, ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरावे. पाण्याची टाकी एकतर पूर्ण भरावी किंवा रिकामी न्यावी, कारण अर्ध्या टाकीतील पाणी प्रत्येक वळणावर हेलकावते. पाचशे लिटरची टाकी भरली की पाचशे किलो झाले, आणि ब्रेक नसलेल्या ट्रॉलीचे हे सारे वजन गाडीच्याच ब्रेकवर येते. पहिल्या फेरीला चाळीसच्या वर जाऊ नये. दहा किलोमीटरनंतर सावलीत थांबून ट्रॉलीच्या दोन्ही चाकांच्या हबजवळ हात नेऊन पाहावा आणि एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग उघडूनच पुढे निघावे.