थर्मल कॅमेरा गाईच्या अंगावर नको, डोळ्यावर धरा
थर्मल कॅमेऱ्यात एकाच गाईचं टेंपरेचर दर वेळी वेगळं येतं ना, कारण पाठीवर केस, शेण, ओल, ऊन सगळंच मधे येतं.

१. गाय सावलीत शांत उभी असताना, उन्हातून आली असेल तर थोडं थांबून बघा.
२. डोळ्याचा नाकाकडचा कोपरा धरा, तिथं केस नसतात. अंतर रोज तेच, एक मीटरच्या आसपास.
३. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचा आकडा) ०.९८ ठेवा.
४. आकडा लिहून ठेवा, त्याच गाईच्या कालच्या आकड्याशी ताडून बघा.

धार काढायच्या आधी कासेवरही फिरवा, चारपैकी एकच सड-भाग जास्त गरम दिसला तर दूध तपासा, मस्टायटिस (कासेची सूज, कासदाह) असू शकतो.

पण औषध कॅमेऱ्यावरून देऊ नका, आधी गुदद्वारात थर्मामीटर लावून बघाच, ३८ ते ३९.३ अंश सेल्सिअस नॉर्मल.