नवा गिझर घेण्याआधी जुना उघडून बघा

सोलापुरात १९ वर्षं मी गिझर बसवतोय आणि दुरुस्त करतोय. दिवाळीच्या तोंडावर फोन सुरू होतात: "पाणी तापत नाही, नवीन कुठला घेऊ?" मी आधी विचारतो, पाणी बोअरचं की नळाचं?

बोअरचं असेल तर निम्मं उत्तर तिथंच मिळतं. कॉइलवर खाराचा पांढरा थर बसतो. तो उष्णता पाण्यात जाऊ देत नाही, मग कॉइल आतल्या आत तापून जळते. पण तेवढ्यासाठी गिझर फेकायचा नसतो. कॉइल, थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा भाग), गॅस्केट (सांध्यातून गळू न देणारी रबरी चकती) सगळं बदलता येतं. टाकीच गळायला लागली तर मात्र नवा घ्या, वेल्डिंगवर पैसे घालवू नका.

टाकी वाचवतो तो आतला मॅग्नेशियमचा रॉड. लोखंडाऐवजी तो स्वतः झिजतो. पूर्ण झिजला की गंजाची पाळी टाकीवर येते. बोअरचं पाणी असलेल्या घरात दरवर्षी उघडून बघा, आणि रॉड बारीक झाला असेल तर लगेच बदला. मी उघडलेल्या कितीतरी गिझरांत रॉडच्या जागी नुसती तार उरलेली होती. घरातल्या कुणालाच असा रॉड असतो हे माहीत नव्हतं. वाईट वाटतं, कारण नव्या टाकीपुढे त्या रॉडची किंमत काहीच नाही.

पाणी ५५ ते ६० अंशांपर्यंत तापवलं की पुरे. जास्त तापवलं की खार लवकर धरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गार पाण्याच्या नळीवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापलं की फुगतं आणि जादा दाब तिथून थेंबाथेंबानं बाहेर पडतो. एका घरी मावशी म्हणाल्या, "सारखं ठिबकायचं, म्हणून बंद करून घेतलं." बघतो तर व्हॉल्व्हच्या तोंडात कुणीतरी स्क्रू घट्ट बसवलेला! थर्मोस्टॅट अडकला असता तर ती टाकी फुटली असती. तापताना थोडं ठिबकू द्या. गिझर बंद असतानाही धार लागली तर व्हॉल्व्ह बदला, पण त्याचं तोंड कधीही बुजवू नका.

२००० वॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर करंट ओढतो, ३००० वॉटचा १३. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, वेगळा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग हवं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तो चालू करू नका.

गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवायला मी नकार देतो. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. बंद खोलीत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. अंघोळ करता करता माणूस बेशुद्ध पडतो आणि आतून कडी लावलेली असते. गॅस गिझर बाहेर मोकळ्या बाल्कनीतच हवा.

नवा घेताना आयएसआय खूण आणि स्टार लेबल बघा. बादलीनं अंघोळ करणाऱ्या घराला १५ लिटरचा बरा. ६० अंशांचं ते पाणी गार पाण्यात मिसळलं की कोमट अशा जेमतेम दोन बादल्या होतात, आणि एकदा तापायला साधारण २० मिनिटं नि पाऊण युनिटच्या आत वीज लागते. ३ लिटरचा इन्स्टंट स्वयंपाकघरात ठीक. उंच इमारतीत किंवा प्रेशर पंप असेल तर ८ बार (बार म्हणजे दाबाचं माप) दाब सोसणारी टाकी मागा.

बसवून झालं की गरम पाण्याचा नळ उघडा. हवा निघून सलग धार लागली की मगच बटण दाबा, रिकाम्या टाकीत कॉइल काही मिनिटांत जळते.