सिलार पद्धतीने काचेवर झिंक-कॉपर ऑक्साइडचा संमिश्र थर

सिलार म्हणजे काच आळीपाळीने वेगवेगळ्या द्रावणांत बुडवून तिच्यावर पातळ थर चढवण्याची पद्धत. व्हॅक्यूम लागत नाही, महागडं यंत्रही नाही. काही बीकर, एक हॉटप्लेट आणि सेकंदकाट्याचं घड्याळ पुरतं. १९८५ मध्ये निकोलाऊ यांनी ही पद्धत फ्रान्समध्ये मांडली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तिच्यावर भरपूर काम झालं आहे. एका बुडीत काचेला धातूचे आयन (विद्युतभारित कण) चिकटतात, पुढच्या गरम पाण्याच्या बुडीत त्यांचं ऑक्साइड होतं. फिल्म, म्हणजे हा थर, बिघडते ती बहुतेकदा दोनच कारणांनी: खळबळणं नीट नाही, किंवा अमोनिया जास्त.

काच आधी साबणाने, मग पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि शेवटी अ‍ॅसिटोन व डिस्टिल्ड पाण्याने धुवा. पाण्यातून काढल्यावर पाणी सलग पसरलं पाहिजे. थेंब गोळा होत असतील तर तेलकटपणा राहिला आहे. तिथे थर धरणार नाही, पुन्हा धुवा.

झिंकसाठी २.८८ ग्रॅम झिंक सल्फेट (स्फटिकात पाण्याचे सात रेणू असलेलं) ८० मिली पाण्यात विरघळवा. २५ टक्क्यांचा अमोनिया थेंबाथेंबाने घाला. आधी दुधासारखा पांढरा साका येतो, मग विरतो. द्रावण नितळ झालं की थांबा, साधारण ७.५ मिली लागतो. मग १०० मिली करा, म्हणजे ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) झालं. कॉपरचं ०.०५ मोलर ठेवा: १.२५ ग्रॅम मोरचूद, तीच रीत, अमोनिया सुमारे ३.७५ मिली. फिकट निळा साका विरून गडद शाईसारखा निळा रंग येतो. हे काम फ्यूम हूडखाली (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात), चष्मा घालूनच करा.

इथे हात आखडताच हवा, कारण अमोनिया झिंक ऑक्साइडलाही विरघळवतो. कॉपरच्या बीकरमध्ये तो जास्त झाला, तर आधी चढवलेला झिंकचा थर त्याच बुडीत निघून जातो आणि वरून सगळं ठीक दिसतं. कॉपरची बुडी म्हणून १० सेकंदांचीच.

एक फेरी अशी: झिंकच्या द्रावणात २० सेकंद, साध्या पाण्यात १०, ९० ते ९५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २०, पुन्हा साध्या पाण्यात १०. बाहेर काढताना काचेची खालची कड बीकरच्या काठाला टेकवा, लोंबणारा थेंब उतरू द्या. अशा चार फेऱ्यांनंतर एक फेरी कॉपरची, हा एक गट. दहा गटांत, म्हणजे ५० फेऱ्यांत, सुमारे तासभर जातो आणि काच हळूहळू तपकिरी होते. कॉपरसाठी धुण्याचे आणि गरम पाण्याचे बीकर वेगळेच ठेवा, नाहीतर झिंकच्या द्रावणात निळसर छटा उतरते आणि चार-एकचं प्रमाण बिघडतं.

पहिलं खळबळणं चुकवलं तर काचेवर सुटं द्रावण राहतं, गरम पाण्यात त्याची भुकटी होते आणि फिल्म बोटाला लागते. उलट फार वेळ धुतलं तर चिकटलेले आयनही निघून थर वाढतच नाही. गरम पाणी गढूळ झालं की बदला, तसं दिसलं नाही तरी २० फेऱ्यांनी बदलाच. भर घालायची तर गरम पाण्याचीच, कारण पाणी कोमट झालं की आधी बनणाऱ्या हायड्रॉक्साइडचं पूर्ण ऑक्साइड होत नाही. द्रावणं वापरात नसताना वॉच ग्लासने झाका. अमोनिया उडून द्रावण गढुळलं, तर एक-दोन थेंब घालून नितळ करा.

शेवटी थर हवेत वाळवा. मग मफल फर्नेसमध्ये (बंद भट्टीत) मिनिटाला ३ ते ५ अंशांनी ४०० अंशांपर्यंत नेऊन तासभर ठेवा आणि दार न उघडता गार होऊ द्या. घाईत बाहेर काढलेल्या थराला तडे जातात.

जाडीचा अंदाज वजनावरून निघतो. २.५ × ४ सेंमी भाग दोन्ही बाजूंनी लेपला तर क्षेत्रफळ २० चौ. सेंमी. झिंक ऑक्साइडची घनता घन सेंमीला ५.६ ग्रॅम धरली, तर १ मिलिग्रॅम वाढ म्हणजे सुमारे ९० नॅनोमीटर. थरात पोकळ्या असतात, त्यामुळे खरी जाडी याहून थोडी जास्तच असते. चिकटपणा पाहायला चिकटपट्टी दाबून एका झटक्यात ओढा. पट्टीवर तपकिरी डाग आला तर पुढच्या वेळी पहिल्या खळबळण्याला पाच सेकंद वाढवा. उरलेलं कॉपरचं द्रावण सिंकमध्ये ओतू नका, धातूंच्या टाकाऊ द्रावणाच्या बाटलीत साठवा.