स्टॅश न करता एकाच वेळी दोन ब्रँचवर काम कसे करावे

नव्या पेमेंट स्क्रीनचे काम ऐन रंगात आले आहे, दहा-पंधरा फाइली अर्धवट उघड्या आहेत, आणि तेवढ्यात निरोप येतो: लाइव्हवर बिलाची बेरीज चुकतेय, आधी ते बघा. अशा वेळी हात आपसूक ‘गिट स्टॅश’कडे जातो, म्हणजे गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवण्याकडे. मीही कित्येक वर्षे तेच करत होते. एकदा घाईत स्टॅश भलत्याच ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) पॉप केला, म्हणजे परत उघडला, आणि कुठली ओळ कुठल्या कामाची हे निवडत बसण्यात अख्खी दुपार गेली. तेव्हापासून प्रत्येक कामाला स्वतंत्र फोल्डर देते. त्यासाठी गिटमध्येच वर्कट्री नावाची सोय आहे, 2015 साली आलेल्या 2.5 आवृत्तीपासून.

वर्कट्री म्हणजे त्याच रेपोचे (प्रोजेक्टच्या गिट साठ्याचे) आणखी एक फोल्डर, ज्यात वेगळी ब्रँच उघडलेली असते. फोल्डर दोन, पण इतिहास एकच. दुसरा क्लोन (रेपोची पूर्ण प्रत) घेतला तर सगळा इतिहास पुन्हा उतरवावा लागतो आणि इकडचा कमिट (नोंदवलेला बदल) तिकडे न्यायला पुश-पुल, म्हणजे सर्व्हरवर पाठवणे आणि तिथून आणणे, करावे लागते. वर्कट्रीत एका फोल्डरमधला कमिट दुसऱ्यात लगेच हाताशी असतो, सर्व्हरवरचे नवे बदल उतरवणारे फेचही एकदाच पुरते.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

मूळ फोल्डरमधल्या अर्धवट फाइलींना हात लावू नका. तिथूनच आधी ‘गिट फेच’ चालवा, नाहीतर दुरुस्ती जुन्या कोडवर बसेल. मग:

गिट वर्कट्री ॲड -बी बिल-फिक्स ../दुकान-बिल ओरिजिन/मेन

यात बिल-फिक्स ही नवी ब्रँच, ../दुकान-बिल हे नवे फोल्डर आणि ओरिजिन/मेन म्हणजे सर्व्हरवरची मुख्य ब्रँच. सुरुवातीचे दोन टिंब महत्त्वाचे आहेत. फोल्डर प्रोजेक्टच्या शेजारी ठेवा, आत नको. आत ठेवले तर ते गिट स्टेटसमध्ये अनोळखी फोल्डर म्हणून दिसत राहते आणि एडिटरच्या शोधात प्रत्येक फाइल दोनदा येते. ब्रँच आधीपासून असेल तर -बी वगळा आणि शेवटी त्या ब्रँचचे नाव द्या.

आता नवे फोल्डर एडिटरच्या वेगळ्या खिडकीत उघडा. नवख्या माणसाची गाडी अडते ती इथे: ॲप सुरूच होत नाही. कारण गिट ज्या फाइलींकडे दुर्लक्ष करते, त्या नव्या फोल्डरमध्ये येत नाहीत. सेटिंग्जची .ईएनव्ही फाइल स्वतः कॉपी करा, लागणारी पॅकेजेस बसवणारी एनपीएम इन्स्टॉल कमांड पुन्हा चालवा. जुन्या फोल्डरमधला सर्व्हर 3000 पोर्टवर चालू असेल तर इथे 3001 द्या. दोन्ही फोल्डर एकाच लोकल डेटाबेसला जोडलेले असतील तर मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) चालवताना फार सांभाळा, कारण डेटाबेसला ब्रँच नसते.

दुरुस्ती करा, कमिट करा आणि पुश करताना पूर्ण नाव द्या: गिट पुश -यू ओरिजिन बिल-फिक्स. ब्रँच ओरिजिन/मेनवरून काढल्यामुळे ती त्यालाच जोडलेली असते, म्हणून नुसते ‘गिट पुश’ नावे जुळत नसल्याची तक्रार करते.

मग पहिल्या खिडकीत या. कर्सर होता तिथेच असेल. मला या सोयीतले हेच सर्वात मोलाचे वाटते: विचार जिथे तुटला होता, तिथूनच पुढे सुरू होतो.

एकच ब्रँच दोन वर्कट्रींमध्ये उघडायला गेलात तर गिट नकार देते. जबरदस्ती करू नका. ‘गिट वर्कट्री लिस्ट’ चालवा, कुठल्या फोल्डरमध्ये कुठली ब्रँच आहे ते दिसेल.

काम मुख्य ब्रँचमध्ये मर्ज झाले (मिसळले) की ‘गिट वर्कट्री रिमूव्ह ../दुकान-बिल’. आत कमिट न केलेला बदल राहिला असेल तर गिट फोल्डर काढत नाही, तेव्हा आधी तो पाहून घ्या. फोल्डर चुकून हातानेच डिलीट केले असेल तर ‘गिट वर्कट्री प्रून’ने उरलेली नोंद पुसा. ब्रँच मात्र शिल्लक राहते. नको असेल तर वर्कट्री काढल्यानंतरच ती डिलीट करा, उघडी असेपर्यंत गिट तिला हात लावू देत नाही.