टंचाईत प्रायमर आणि पावडर कोणत्या भावापर्यंत घ्यावी?

अमेरिकेत अनेक नेमबाज रिकाम्या पितळी केसमध्ये प्रायमर (ठिणगी देणारी छोटी टोपी), पावडर (बंदुकीची दारू) आणि बुलेट (पुढची गोळी) बसवून घरीच काडतुसे भरतात. त्यांना टंचाई नवी नाही. 2013 मध्ये ती आली, 2020 ते 2022 मध्ये प्रायमर दिसेनासे झाले आणि 2024 मध्ये पावडरीची ओढाताण सुरू झाली, कारण युक्रेन युद्धामुळे नायट्रोसेल्युलोज (पावडरीचा मुख्य कच्चा माल) तोफगोळ्यांकडे वळले. 2020 च्या आधी हजार प्रायमर 30-35 डॉलरला मिळत. 2021 मध्ये हजाराच्या त्याच पेटीला, म्हणजे ‘ब्रिक’ला, खासगी विक्रीत 100 ते 200 डॉलर मोजले जात होते. अशा वेळी जुना भाव डोक्यात धरून बसलेला काहीच घेत नाही आणि घाबरलेला मिळेल त्या भावाला उचलतो. दोघांनीही हिशोब केलेला नसतो.

पायरी 1: आपली कमाल किंमत काढा

‘पूर्वी किती होता’ यावरून भाव महाग की स्वस्त हे ठरत नाही. आज तयार काडतूस घरपोच किती सेंटला पडते, त्यावरून ठरते. त्या आकड्यातून बुलेट आणि पावडरीचा खर्च वजा करा. बसून भरण्याच्या मोबदल्यात नगामागे किमान किती वाचायला हवे, तेही वजा करा. उरते ती प्रायमरसाठी तुमची कमाल किंमत.

उदाहरणादाखल 9 मिमी, म्हणजे पिस्तुलाचे काडतूस घेऊ. तयार काडतूस 25 सेंट, बुलेट 10 सेंट, पितळी केस स्वतःचीच. एका पौंडात 7000 ग्रेन असतात. काडतुसाला 4.5 ग्रेन धरले तर एका पौंडात साधारण 1555 काडतुसे होतात आणि 40 डॉलरच्या डब्याचा खर्च नगामागे 2.6 सेंट येतो. (हे आकडे पैशाच्या हिशोबापुरते आहेत. भरण्याचे प्रमाण नेहमी छापील मॅन्युअलमधूनच, म्हणजे कोणत्या बुलेटला कोणती पावडर किती ते सांगणाऱ्या पुस्तकातूनच घ्या.) उरले 12.4 सेंट. नगामागे 3 सेंट तरी वाचावेत असे वाटत असेल, तर प्रायमरला जास्तीत जास्त 9.4 सेंट, म्हणजे हजाराला 94 डॉलर, तेही सगळ्या खर्चासकट.

हा आकडा हलता असतो. 2021 मध्ये तयार 9 मिमी 60 सेंटच्या वर गेले होते, तेव्हा 15 सेंटचा प्रायमरही परवडत होता. पुढे तयार माल उतरला आणि तोच 15 सेंटचा प्रायमर तोट्याचा ठरला. म्हणून प्रत्येक खरेदीच्या दिवशी हिशोब नव्याने करा. घरात आधीच पडलेली पावडरसुद्धा जुन्या भावाने धरू नका, आज परत घ्यायला जे पडेल ते धरा. इथेच बहुतेक लोक स्वतःची फसवणूक करून घेतात.

पायरी 2: कशाला जास्त मोजायचे ते ओळखा

पिस्तूल आणि रायफल यांचे गणित वेगळे आहे. पौंडभर पावडर 45 वरून 75 डॉलर झाली, तर 9 मिमी काडतुसामागे फक्त 1.9 सेंट वाढतात. पण .308 या रायफलच्या काडतुसाला समजा 43 ग्रेन लागत असतील, तर पौंडात जेमतेम 162 काडतुसे होतात आणि तोच फरक नगामागे 18.5 सेंटचा होतो. उलट प्रायमर 4 वरून 12 सेंट झाला तर दोन्हींकडे 8 सेंटच वाढतात. 17-18 सेंटमध्ये पडणाऱ्या 9 मिमीला ते फार जड, महागडी मॅच (स्पर्धेची) बुलेट लावलेल्या .308 ला किरकोळ. थोडक्यात, पिस्तूलवाल्याने पावडरीवर घासाघीस करत बसू नये आणि रायफलवाल्याने प्रायमरसाठी वणवण करू नये.

पायरी 3: दारात पडणारा भाव काढा

प्रायमर आणि पावडर साध्या पोस्टाने पाठवता येत नाहीत. कुरिअरने मागवले की प्रत्येक पार्सलवर धोकादायक मालाचे वेगळे शुल्क लागते, साधारण 20 ते 40 डॉलर. त्यामुळे 80 डॉलरची एकच ब्रिक मागवली आणि शुल्क 30, पाठवणी 15 लागली, तर प्रायमर 12.5 सेंटला पडतो. तेवढ्याच शुल्कात 5000 आले तर 8.9 सेंटला. नेमबाजी क्लबमधल्या चार-पाच जणांनी मिळून ऑर्डर दिली की हे जमते. गावातल्या दुकानात 100 डॉलरची ब्रिक दिसली तर तोंड वाकडे करण्याआधी हा फरक आठवा, कारण तिथे हे शुल्क नसते. विक्रीकर मात्र दोन्हीकडे तपासा.

पायरी 4: खासगी विक्रेत्याकडून घेताना

प्रायमर मूळ खोक्यात आणि मूळ ट्रेमध्येच हवेत, लॉट क्रमांक (उत्पादनाच्या गटाचा नंबर) वाचता यायला हवा. बरणीत किंवा डब्यात सुटे ओतलेले प्रायमर कितीही स्वस्त असोत, घेऊ नका. एक पेटला तर शेजारचे सगळे एकदम पेटतात. कोरड्या जागी ठेवलेले जुने प्रायमर अनेक वर्षे टिकतात, म्हणून खोके जुने दिसते एवढ्यावरून नाकारू नका. पाण्याचे डाग, हिरवट गंज किंवा चिकटलेला ट्रे दिसला तर मात्र परत करा.

पावडरीचा डबा सीलबंद असेल तरच घ्या. उघडलेल्या डब्यात लेबलवरचीच पावडर आहे, हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. आपल्याच घरातला जुना डबा उघडताना आंबट, झोंबणारा वास आला, किंवा दाण्यांवर गंजासारखी तांबूस धूळ दिसली, तर पावडर सडली आहे. ती वापरू नका.

पायरी 5: बनावट दुकाने

टंचाईत नकली वेबसाइट पावसाळ्यातल्या अळंब्यांसारख्या उगवतात. सगळीकडे संपलेला माल त्यांच्याकडे भरपूर, तोही जुन्या भावात, आणि धोकादायक मालाचे शुल्कच नाही. पैसे मात्र झेल (Zelle, बँक खात्यातून थेट पैसे पाठवण्याची अमेरिकी सेवा), क्रिप्टो किंवा गिफ्ट कार्डानेच हवेत. संकेतस्थळ कधी नोंदवले गेले ते तपासा. महिन्या-दोन महिन्यांपूर्वीचे असेल तर नाद सोडा. पैसे क्रेडिट कार्डानेच भरा, म्हणजे तक्रार करून परत मिळवता येतात.

पायरी 6: पर्यायी माल

पैसे देण्याआधी मॅन्युअल उघडा आणि त्या पावडरीचा, तुमच्या बुलेटच्या वजनाचा छापील डेटा आहे ना ते बघा. नसेल तर डबा फुकट मिळाला तरी उपयोग नाही. दाणे सारखे दिसतात म्हणून एका पावडरीचे प्रमाण दुसरीला लावणे म्हणजे बंदूक फोडण्याचा उद्योग.

प्रायमरमध्ये स्मॉल पिस्तूल आणि स्मॉल रायफल आकाराने सारखे असतात, पण रायफलच्या प्रायमरचे कवच जाड असते. कमी ताकदीच्या स्ट्रायकरने (प्रायमरवर आदळणाऱ्या सुईने) तो कधीकधी पेटत नाही आणि दाबही बदलतो, म्हणून डेटा असेल तरच वापरा आणि सुरुवातीच्या कमी प्रमाणापासून चढा. लार्ज रायफल प्रायमर लार्ज पिस्तूलपेक्षा उंच असतो. पिस्तुलाच्या केसमध्ये तो वर येऊन राहतो आणि बोल्ट आपटताच काडतूस उडू शकते. उडालेले प्रायमर घरी पुन्हा भरण्याच्या क्लृप्त्या टंचाईत हमखास फिरतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पायरी 7: किती घ्यायचे, कुठे ठेवायचे

महिन्याला 200 काडतुसे झाडत असाल तर वर्षाला 2400 प्रायमर पुरतात. भाव उतरलेले असताना एवढा साठा केला की पुढची टंचाई बहुतांशी निभते. अमेरिकेतल्या एनएफपीए (राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटना) 495 या मानकानुसार घरात 10,000 प्रायमर आणि मूळ डब्यांत 20 पौंड पावडर ठेवता येते. त्यापुढे 50 पौंडांपर्यंतची पावडर किमान 1 इंच जाड लाकडाच्या कपाटात ठेवावी लागते. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात, अग्निशमन खात्याकडे विचारून घ्या.

अमेरिकेतून भारतात येताना यातले काहीच आणायचे नाही. प्रायमर आणि पावडर विमानाच्या कोणत्याही सामानात चालत नाहीत. शस्त्र अधिनियम 1959 नुसार काडतुसे बनवायला परवाना लागतो आणि काडतुसाचे सुटे भागही ‘दारूगोळा’ या व्याख्येत येतात. रेंजवर नेलेली बॅग सुट्टीच्या प्रवासाला वापरणार असाल तर तिचा कप्पान् कप्पा उलटा करून झटका.

पावडर हवाबंद पोलादी पेटीत कोंबू नका. आग लागली तर आत दाब साठून पेटीच स्फोटासारखी फुटते. कारखान्याचा डबा मात्र दाब वाढताच सहज फुटून मोकळा होतो, त्यामुळे पावडर त्यातच राहू द्या.