विहिरीवरचा रेडिओ मोडेम: पॉवर किती ठेवावी, बॅटरी कशी पुरवावी

विहिरीची पाणीपातळी घरी बसून कळावी म्हणून मी पहिला लोरा मोडेम (थोड्या विजेवर छोटे संदेश लांबवर पाठवणारा रेडिओ) लावला, तेव्हा 2600 मिलिअँपिअर-अवरचा सेल सहाव्या दिवशी संपला. मला वाटलं, पॉवर जास्त ठेवली म्हणून. ती कमी केली, तरी पुढचा सेलही तसाच सहा दिवसांत गेला. मग मीटर लावून बसलो आणि उलगडा झाला. बॅटरी खात होतं ते पाठवणं नव्हतं, ऐकत बसणं होतं.

रेयॅक्सच्या आरवायएलआर998 या मोडेमचा हिशेब बघा. पूर्ण पॉवरला पाठवताना तो सुमारे 140 मिलिअँपिअर घेतो, पण जेमतेम सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापुरता. नुसता ऐकत असला तरी 17.5 मिलिअँपिअर, तेही चोवीस तास. 2600 ला 17.5 ने भागा: 148 तास, म्हणजे सहा दिवस. झोपेत मात्र हाच मोडेम 10 मायक्रोअँपिअरवर येतो. म्हणून खालची सगळी मांडणी त्याला झोपवण्याभोवती आहे.

सुरुवात फ्रिक्वेन्सीपासून करा. आपल्याकडे 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टा 2005 पासून परवान्याशिवाय वापरता येतो. अटी तीन: ट्रान्समीटरची पॉवर 1 वॉटच्या आत, अँटेनासकट प्रभावी पॉवर 4 वॉटच्या आत आणि कॅरिअरची (आपल्या सिग्नलची) रुंदी 200 किलोहर्ट्झच्या आत. हा मोडेम कारखान्यातून 915 वर येतो. 915 ला अगदी लागूनच खाली मोबाईलच्या 900 बँडचा अपलिंक (फोनकडून टॉवरकडे जाणारा पट्टा) आहे. तिथे आपण बोलायचं नाही, म्हणून हे काम सर्वांत आधी.

मोडेम यूएसबी-सिरिअल कनव्हर्टरला जोडा, वेग 115200 ठेवा. पुरवठा 3.3 व्होल्टच हवा. पूर्ण भरलेला लिथियम-आयन सेल 4.2 देतो आणि मोडेम 3.6 च्या वर सोसत नाही. पुढच्या कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना इंग्रजी कॅपिटल अक्षरांत आणि शेवटी एंटर (सीआर-एलएफ दोन्ही).

एटी+बँड=866000000,एम
एटी+पॅरामीटर=9,7,1,12
एटी+सीआरएफओपी=14

पहिल्या ओळीतला ‘एम’ विसरू नका. तो नसेल तर वीज गेली-आली की मोडेम जुन्या फ्रिक्वेन्सीवर जातो. दुसऱ्या ओळीतला 9 म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर (वाढवला की संदेश हळू जातो, पण कमजोर असला तरी वाचता येतो) आणि 7 म्हणजे 125 किलोहर्ट्झ रुंदी. हा आकडा 8 केला तर रुंदी 250 होते आणि आपण नियमाबाहेर जातो. तिसरी ओळ पॉवरची: 14 डीबीएम म्हणजे 25 मिलिवॉट, आणि मोडेमची कमाल 22 म्हणजे साधारण 158 मिलिवॉट. घरच्या मोडेमलाही पहिल्या दोन ओळी तशाच द्या, नाहीतर दोघांची भेट होणार नाही.

आता पॉवर ठरवायची, तीही अंदाजाने नाही. विहिरीवरचा मोडेम जागेवर बसवा आणि घरच्या मोडेमवर येणाऱ्या प्रत्येक संदेशाचे शेवटचे दोन आकडे बघा. ते आरएसएसआय (सिग्नलची ताकद) आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, डीबीमध्ये). फॅक्टर 9 ला संदेश वाचता यावा म्हणून एसएनआर किमान उणे 12.5 लागतो. त्याच्या वर 10 डीबी राखीव धरा, म्हणजे उणे अडीच. आकडा +6 येत असेल तर पॉवर उगाच जास्त आहे. 3 डीबी उतरवलं की निम्मी होते. पण त्याआधी दोन्ही मोडेमवर फॅक्टर 7 करून बघा. 20 बाइटचा संदेश फॅक्टर 9 ला सुमारे 200 मिलिसेकंद हवेत राहतो, 7 ला अवघा 60. पॉवर उतरवण्यापेक्षा ही बचत मोठी. फॅक्टर 7 ला एसएनआर किमान उणे 7.5 लागतो एवढं लक्षात ठेवून दहाची राखीव पुन्हा मोजा.

आकडा कमी आला तर पॉवर वाढवायच्या आधी मोडेम स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत तर नाही ना, ते बघा. पेटीतला मोडेम बाहेर प्लॅस्टिकच्या डब्यात, खांबावर डोक्याच्या वर नेलात तर जो फरक पडतो तो पॉवरच्या आकड्याने पडत नाही.

झोपेचं गणित असं: दर 15 मिनिटांनी मायक्रोकंट्रोलर (मोडेमला कमांड देणारी छोटी चिप) उठतो, एटी+मोड=0 देऊन मोडेम जागा करतो, पातळी पाठवतो, दोन सेकंद ऐकतो आणि एटी+मोड=1 देऊन झोपवतो. मोटार बंद करण्यासारखा निरोप घरच्या बाजूने राखून ठेवायचा आणि विहिरीचा संदेश आला की त्याच दोन सेकंदांत द्यायचा. दिवसाला 96 फेऱ्या धरल्या तर फॅक्टर 9 ला पूर्ण पॉवरनेही पाठवण्याला पाऊण मिलिअँपिअर-अवर, ऐकण्याला जवळपास एक, झोपेला पाव. सगळं मिळून दोनच्या आसपास, तेही चोवीस तासांचं!

हे सगळं करूनही माझा दुसरा डबा दोनेक महिन्यांत बसला. रात्री टॉर्च घेऊन विहिरीवर गेलो तर डब्याच्या फटीतून तांबडा ठिपका दिसत होता. बोर्डावरचा पॉवर एलईडी. दीड मिलिअँपिअर घेत होता, म्हणजे दिवसाला 36; मोडेमच्या अठरा पट. सोल्डरिंगने उपटून काढला. बोर्डावरचा रेग्युलेटरही (सेलचा व्होल्टेज 3.3 वर आणणारा भाग) असाच चोर असू शकतो. त्याऐवजी एमसीपी1700 लावा, तो स्वतःला दोनेक मायक्रोअँपिअरच घेतो. मायक्रोकंट्रोलर झोपला की मोडेमकडे जाणारी सिरिअल तार हाय पातळीवर (3.3 व्होल्टवर) धरून ठेवा, नाहीतर तिथूनही करंट गळतो.

डबा बंद करण्याआधी सेलच्या तारेत मीटर घालून झोपेतला करंट मोजा. शंभर मायक्रोअँपिअरच्या वर दिसला तर एकेक भाग सोडवत चोर शोधा, तोवर झाकण लावू नका. आणि एसएनआरची मोजणी उन्हाळ्यात मोकळ्या रानात केली असेल तर ऊस पुरुषभर वाढल्यावर, पाऊस पडून पानं ओली असताना ती पुन्हा एकदा करा.