ढोम्याच्या कानातला खडा कसा काढावा

सागरी जीवशास्त्राचा पहिला धडा पुण्यात, गणेश पेठेतल्या मासळी बाजारातही गिरवता येतो. मी विद्यार्थ्यांना ढोमा हा समुद्री मासाच आणायला सांगते. त्याच्या कानातला खडा, म्हणजे ज्याच्या वलयांवरून माशाचं वय आणि वाढ अभ्यासतात तो, चांगला मोठा असतो, बांगड्याचा अगदीच इवलासा.

"मावशी, साफ करू नका, अख्खाच द्या," असं आधीच सांगा. घरी चाकू लावण्याआधी तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी मोजा, वजन घ्या. मग कल्ले काढून डोकं उलटं करा. कवटीच्या तळाशी, मागच्या बाजूला दोन फुगीर उंचवटे दिसतील. तिथलं पातळ हाड कात्रीने अलगद उचकटा आणि चिमट्याने खडे काढा. पांढरेशुभ्र, चुनखडीचे. धुऊन, पडदा चोळून काढून सुकवा. पाकिटावर तारीख आणि मोजमाप लिहा. मोजमाप नसेल तर वाढीचा अभ्यास होतच नाही, म्हणून इथे मी फार कडक असते.

खडा ओल्या पॉलिशपेपरवर घासून काळ्या कागदावर ठेवा, भिंगातून वलयं शोधा. आपल्या उबदार समुद्रात ऋतूंचा फरक कमी, त्यामुळे वार्षिक वलयं पुसट असतात. वय सांगायची घाई करू नका. खड्यात रोजचीही वलयं पडतात, हे संशोधक पॅनेला यांनी १९७१ साली मांडलं. ती पाहायला मात्र कॉलेजचा सूक्ष्मदर्शकच लागेल.